बारा पायऱ्या, मग सात

सर, आपला जिना अजून तसाच आहे. कॉलेजला नवी इमारत झाली, लिफ्ट आली, तिच्यात दिवसाआड कुणीतरी अडकतं आणि मग सगळे धावतात. पण मराठी विभाग जुन्या चिऱ्याच्या इमारतीतच राहिला, कारण मराठीला नवी खोली कोण देतोय! त्यामुळे तो जिना आपलाच राहिला. खालून बारा पायऱ्या, मग वळण, तिथं दोन माणसं उभी राहतील एवढी फरशी, मग सात पायऱ्या. एकोणीस. तुम्ही पावसहून सकाळच्या एसटीनं यायचात, छत्री कोपऱ्यात टेकवायचात आणि आम्हा सगळ्यांना वर्गातून खाली पिटाळायचात. "शार्दूलविक्रीडित म्हणजे दुसरं काय गो, हा जिना! बारा चढायच्या, वळणावर श्वास घ्यायचा, सात चढायच्या. श्वास घेतला नाहीत तर वृत्त बिघडेल आणि वर पाय मुरगळेल ते वेगळंच." गुरु अक्षराला पूर्ण पाऊल, लघु अक्षराला नुसती बोटं टेकवायची. ओळ म्हणत म्हणत आम्ही चढायचो, साडीवाल्या मुली साडी सावरत, मुलगे मुद्दाम धपाधप. हेडक्लार्क खालून ओरडायचे, "अहो सर, कविता शिकवताय की कवायत?" आणि तुम्ही वळणावरून म्हणायचात, "दोन्ही! तुम्ही पण या, पोट उतरेल."

मी अजून तसंच शिकवते. सुनीत म्हटलं की हल्लीची पोरं फोन काढतात. फोनला सांगितलं की तो बसल्या जागी चौदा ओळी काढून देतो, पाहिजे तर आईवर, पाहिजे तर पावसावर. मी म्हणते, देऊ दे, पण त्याला माझ्यासमोर जिना चढून दाखवायला सांगा. मग हसतात, आणि कुरकुरत का होईना, चढतात. मला तेवढं पुरतं. शिकवण्यातलं माझं स्वतःचं असं काही नाही सर. खोकादेखील तुमचाच, खडूचा लाकडी, झाकणाची एक बिजागरी गेलेला. प्रत्येकानं फक्त पहिल्या आठ ओळी लिहायच्या, खाली नाव घालायचं नाही, घडी करून खोक्यात टाकायची. मग एकेकानं एक घडी उचलायची, आणि ज्याच्या हाती जे अष्टक येईल त्याच्या पुढच्या सहा ओळी त्यानं लिहायच्या. आठ ओळींत गाठ मारायची ती एकानं, सोडवायची दुसऱ्यानं. कुणीतरी विचारलं होतं, माझ्या आठ ओळींना कलाटणी मीच का देऊ नये? तेव्हा तुम्ही त्या मुलाला फळ्याजवळ बोलावलंत आणि म्हणालात, "स्वतःच्या दोन खांद्यांच्या मधोमध खाजव बघू." तो बिचारा पुढून, मागून, वरून, खालून हात घालून दमला. तुम्ही म्हणालात, "नाही ना पोचत? बस. कलाटणीचं तसंच आहे." आजही मी हेच करून दाखवते आणि पोरं आजही हसतात.

तर त्या वर्षी. खोक्यात सगळ्यांनी टाकलं, सगळ्यांनी उचललं, आणि एक घडी उरली. आम्ही एकमेकांकडे बघतोय, कुणी दोन टाकली म्हणून. तुम्ही खुर्चीत बसूनच म्हणालात, "ती माझी. म्हटलं आपण पण टाकू." आणि ती उचलून माझ्या बाकावर ठेवलीत. "हिच्या सहा ओळी तू लिही गो. तुझं मोजमाप पक्कं आहे." मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! सगळ्या वर्गात मोजमाप पक्कं असलेली मी एकटी. घरी आले, जेवलेसुद्धा नाही, कासवासारखी मान पुढे काढून ते आठ ओळींचं अष्टक घेऊन बसले. त्यातल्या दोन ओळी आजही मला झोपेतून उठवून विचारा:

खांद्याशी भिजले जुनाट पडले, जाळे कसे ओढवे?
छातीशी चढणीत एक बसला धोंडा, हलेना मुळी

पुढे डाव्या हाताच्या करंगळीपर्यंत उतरणाऱ्या मुंग्या होत्या, कपाळावर थंड घाम होता, पहाटेचा. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीवर लघु-गुरूच्या खुणा केल्या. सात ओळी चोख. फक्त सातव्या ओळीत, तुम्ही नेहमी सोडायचात तशी यतीला, म्हणजे त्या वळणावरच्या श्वासाला, अंगठ्याएवढी जागा सोडलेली, आणि तिच्यापुढे सातऐवजी सहाच अक्षरं. सर चुकले! दुसऱ्या दिवशी मी तुमच्या टेबलाशी कागद नेऊन दिला. खाली माझ्या सुवाच्य अक्षरात शेरा: प्रतिमा उत्तम, सातव्या ओळीत यतीनंतर एक अक्षर कमी. आणि तोंडानं म्हटलं, आधी हे दुरुस्त करा सर, मग मी सहा ओळी लिहिते. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत, हसलात, म्हणालात, "तिथं दम लागला गो." मीही हसले. काय विनोद केला सरांनी म्हणून मैत्रिणींनाही सांगितला.

आता हे ऐका. माझी आई सिव्हिलला सिस्टर होती, हे तुम्हाला माहीत होतं. नव्या मुली ड्युटीला लागल्या की आई त्यांना रविवारी घरी बोलवायची, स्वयंपाकघरात पाटावर बसवायची आणि स्वतः बांगडे साफ करता करता त्यांची परीक्षा घ्यायची. "हार्टचा पेशंट सांगत आला तर काय काय सांगेल? बोल." आणि त्या मुली पाढे म्हटल्यासारखं म्हणायच्या: छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, डावा हात भरून येतो, बोटांना मुंग्या येतात, चढ चढला की वाढतं, थंड घाम येतो. मी शेजारी बसून सोलकढीसाठी नारळ खवत असायचे. ती यादी मला तोंडपाठ होती सर. शार्दूलविक्रीडिताचे गण पाठ होण्याआधीपासून पाठ होती. आणि तुम्ही तीच यादी वृत्तात बसवून माझ्या हातात दिलीत, आणि मी म्हटलं, प्रतिमा उत्तम.

तुम्हालाही कळलं नव्हतं, असं मी मनाला सांगते. तुम्हालाही वाटलं असेल की छातीवरचा धोंडा म्हणजे कविता सुचतेय. कोळ्याच्या पोराला, रिक्षावाल्याला, पावसच्या बागेत आंबे उतरवणाऱ्या गड्याला ही चूक झाली नसती. हात दुखतो म्हटल्यावर तो हाताकडे बघेल. दुखण्यात प्रतिमा शोधणारे आपणच दोघे शहाणे.

चार दिवसांनी पहिल्या तासाला आम्ही वर वर्गात बसून तुमची पावलं ऐकत होतो. ती आम्हाला ओळखू यायची. बारा वाजली. मग वळणावरचा श्वास. आम्ही सातांची वाट बघत बसलो. वाट बघतोय, बघतोय. मागून कुणीतरी म्हणालं, "सर यतीवर थांबलेत," आणि सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले. मग खालून शिपाई ओरडला.

तुम्हाला सिव्हिललाच नेलं होतं. संध्याकाळी आई घरी आली ती गणवेशातच स्वयंपाकघरात येऊन बसली. तुमच्या शर्टाच्या खिशातला कागद तिच्या हातात होता. माझं अक्षर ओळखून तिनं तो मागून आणला होता. तिनं ओल्या हातांनी तो ओट्यावर पसरला, तिला कविता वाचायची सवय नव्हती, ती बातमी वाचावी तशी एका दमात वाचून गेली. मग म्हणाली, "हे त्यांनी तुला कधी दिलं?" मी सांगितलं. "तू वाचलंस?" मी हो म्हटलं. "मग काय केलंस?" मी म्हटलं, "मोजलं." आई उठली, कागदाची घडी केली, चुलीत घातली आणि भात टाकला. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, पण हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं.

त्या सहा ओळी मी कधीच लिहिल्या नाहीत. गेली तीसेक वर्षं दुसऱ्यांकडून मात्र लिहून घेतेय.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले ते. यंदा कॉलेज उघडलं तेव्हापासून मला जिन्याच्या वळणावर थांबावं लागतंय. आधी वाटलं, वय झालं, दोन हातांत दोन पिशव्या, थांबणारच. बारा चढते, थांबते, छाती खालीवर होते. आणि मी थांबलेली असताना वरच्या पायऱ्यांवर पावलं वाजतात. सात. शेवटचं पाऊल पूर्ण टेकतं आणि थांबतं. वर जाऊन बघते तर व्हरांडा रिकामा, वर्गाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. पहिल्यांदा अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा वाटलं, उंदीर असतील. अहो, उंदीर मोजून सात वाजवतात का! मग गणपतीची सुट्टी संपल्यावर ते सुरू झालं. वळणावर उभी राहिले की पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणीतरी तळहात ठेवतं. ढकलत नाही. नुसता ठेवतं, जरा दाबून, आणि मी श्वास सावरला की काढून घेतं. जिथं आपला आपल्याला हात पोचत नाही, नेमकं तिथं. मी मागे वळून बघायचं सोडून दिलं. मला कळलं कोण आहे ते. मी हळूच म्हणायला लागले, येतेय सर, चढतेय. माझ्या तोंडात एक दाढ सतत ठणकत असायची, पण दाढेचं काय, या वयात दाढा ठणकणारच.

गेल्या आठवड्यात खोका काढला. वर्गात अकरा जण. अकरा जणांनी टाकलं, अकरा जणांनी उचललं, आणि एक घडी उरली. मी विचारलं, "कुणी दोन टाकल्या?" कुणीच नाही. "बाहेरचं कुणी आलं होतं?" नाही. मी ती घडी उलगडली. आखीव वहीचा कागद, निळी शाई, गोल अक्षर. त्या अकरांपैकी कुणाचंच नाही, मी सगळ्यांच्या वह्या नंतर लावून बघितल्या. तुमचंही नाही. पण यतीला अंगठ्याएवढी जागा सोडलेली. मी मुलांना यतीला उभी रेघ मारायला शिकवते सर. ती जागा मी कुणालाही दाखवलेली नाही.

जिन्याच्या वळणावरी थबकते, मोजीत बारा पुन्हा
पाठीशी कुणि हात ठेवत असे, दाढेत ये वेदना

मी वर्गासमोर उभी राहून काय केलं असेल? तुम्ही ओळखलंत. मी मोजलं. बोटांवर, ओठ हलवत, आठही ओळी. सात चोख. सातव्या ओळीत यतीनंतर सहाच अक्षरं. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रतिमा उत्तम आहे." माझाच आवाज मला एकोणीस वर्षांच्या मुलीचा वाटला. मी खाली बसले.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, मिरकरवाड्याची. बाप ट्रॉलर हाकणारा तांडेल, आई बंदरावर मासळीच्या लिलावाला. वर्गात वृत्ताच्या नावानं सगळ्यात ढ, तिच्या ओळीत कधी सतरा अक्षरं, कधी बावीस, आणि विचारलं की म्हणते, "जेवढी जाळ्यात आली तेवढी घेतली, मॅडम." ती उठून टेबलाशी आली, कागद माझ्या हातातून घेतला आणि बातमी वाचावी तसा वाचून काढला. मग तिनं आपण उचललेली घडी परत खोक्यात टाकली. "हे मी घेते," म्हणाली. मी विचारलं, "तू लिहिलंयस का हे? खरं सांग, मी रागावणार नाही." "मी? ओ मॅडम, माझं एकोणीसमध्ये कधी बसलंय का काय! पण ह्यात कविता कुठेय? हे तर तुमचंच चाललंय. रोज वळणावर तुम्हीच थांबता. आम्ही खालून बघतो." मी म्हटलं, "अगं, ती प्रतिमा असते." तर ती म्हणाली, "माझ्या आजीची पण दाढ दुखायची. दाढ काढली. पाठ दुखायची, तर पाठीला तेल लावलं. आठ दिवसांत आजी गेली. नंतर डॉक्टर म्हणाला, बायकांचं काळीज असंच दुखतं, भलत्या ठिकाणी."  वरच्या कौलावर एक कावळा चालत होता तेवढाच आवाज. मी तिला म्हटलं, "बस खाली. नियम काय आहे? ज्यानं अष्टक उचललं त्यानं सहा ओळी लिहायच्या. सोमवारी आणून दे." आणि तास सोडला.

सोमवार काल होता. सकाळी नऊला खाली हॉर्न वाजला. गॅलरीतून बघितलं तर रिक्षा, चालवायला तिचा काका आणि मागे ही. मी वरूनच विचारलं, "सहा ओळी आणल्यास?" "नाय. रिक्षा आणलीय." तिनं डॉक्टरकडे नंबर लावला होता, मला न विचारता. मी भडकले. म्हटलं, शिंगं फुटली का तुला, मी तुझी शिक्षिका आहे, मला पेपर तपासायचेत, जा कॉलेजला. ती गेली. मी पेपर तपासले नाहीत. दिवसभर तुमच्या अष्टकाच्या त्या सहा ओळी लिहीत बसले. ज्या इतकी वर्षं जमल्या नाहीत त्या भराभरा यायला लागल्या, पाच झाल्यासुद्धा. लिहिताना पाठीवर हात होता. घरात, खुर्चीत बसलेली असताना, जिना नाही, वळण नाही, तरी होता. आणि काल पहिल्यांदाच तो निघाला नाही.

आज पुन्हा नऊला हॉर्न वाजला. आज ती वर बघून म्हणाली, "आज मी कॉलेजला जात नाय. तुम्ही येस्तोवर हितंच बसते. काकानं भाडी घेतलेली नाहीत, उगाच त्याचा दिवस नका घालवू." मी म्हटलं, दहा मिनिटं थांब, एक महत्त्वाचं पत्र लिहायचंय. ते हे पत्र. पाऊण तास झाला.

सर, तुम्हाला एक खरं सांगते, आणि मग हा कागद आईनं केलं तेच करते. तुम्हाला कळवण्यासारखं यात काही नव्हतं. मी लिहीत बसले ते ती पोरगी कंटाळून निघून जावी म्हणून. दुखण्याला मी भीत नाही. मला भीती वाटते ती डॉक्टर गोळी देईल, जिभेखाली ठेव म्हणेल, आणि पाठीवरचा हात जाईल याची. मग कळेल की तो तुमचा नव्हताच. इतके दिवस मी त्याला तुमचा समजून सुखात होते. चौदावी ओळ राहिलीय आणि ती मला सुचतेय, अगदी ओठांवर आहे, पण खाली ती पुन्हा हॉर्न वाजवतेय आणि शेजारच्या काकू तिला ओरडतायत. ती काही जात नाही. चप्पल घालते मी.